सतरा वर्षांखालचे बाबूजी

आमच्या शाळेच्या बाबूजींनी माझ्या लग्नात आहेराचं पाकीट हातात ठेवलं, आणि शुभेच्छा वगैरे राहिल्या बाजूला, नवऱ्याला विचारलं की दाखल्यावरची जन्मतारीख खरी आहे की मास्तरांनी टाकलेली. नवरा फेट्यात घामाघूम झालेला. त्याने गरीबपणे 'एक जून' म्हणून सांगितलं. बाबूजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, झालं, फसलो आपण. मग त्यांनी पंगतीत सासूबाईंना गाठलं, दहा मिनिटं उलटतपासणी घेतली, आणि माझा नवरा कागदापेक्षा पाच महिन्यांनी लहान आहे हे मला सप्तपदीनंतर तासाभरात कळलं. संसारात या माहितीचा काही उपयोग झाला नाही. भांडणात मात्र पुष्कळ झाला.

वणीतल्या आमच्या शाळेत मी गणिताची बाई आणि ते कारकून. आमच्याकडे कारकुनाला बाबू म्हणतात, आणि बाबू वयस्कर, शिस्तीचा आणि पगारबिलं वेळेवर पाठवणारा असला की त्याला 'जी' लागतो. साडेदहाच्या ठोक्याला ते कपाट उघडत, दाखल-खारीज रजिस्टर बाहेर काढत आणि पिवळ्या फडक्याने त्याच्यावरची कोळशाची धूळ पुसत. आमच्या खाणींच्या गावात ती धूळ सगळ्यांच्याच वस्तूंवर बसते, पण ती पुसायचा कंटाळा न आलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. रजिस्टरात शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख असते. पुढे तो पोरगा तहसीलदार झाला काय किंवा ट्रकवर क्लीनर झाला काय, त्याचं वय हेच पान सांगतं. बाबूजींना याची फार जाणीव होती. आम्हाला त्या जाणिवेचा फार त्रास होता.

बाकीच्या शाळांमध्ये जन्माचा कागद नसेल तर सरळ जूनमधली एखादी तारीख ठोकून देतात, पोरगं सहा वर्षांचं बसलं की काम झालं. बाबूजींना हे पाप वाटायचं. जून महिन्यात ते ऑफिससमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून बसत आणि दाखल्याला आलेल्या आयांची साक्ष काढत. पोट्टं झालं तेव्हा कापूस वावरात होता की घरात आला होता? पोळ्याला तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत होता की बैलांना ओवाळायला अंगणात? नाल्याला पूर आला होता का, आणि आला असेल तर सुईण कुठून आली? बायका आधी लाजत, मग हसत, मग एकदा सुरू झाल्या की सासूच्या तक्रारींपर्यंत जात. बाबूजी सगळं ऐकून घेत आणि त्यातून एक तारीख बाहेर काढत. एकदा जुळी पोरं आली तर त्यांना दोन वेगळ्या तारखा दिल्या, कारण आईने सांगितलं की एक खाणीचा रात्री बाराचा भोंगा व्हायच्या आधी झाला आणि एक नंतर. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. बाबूजी म्हणाले, भोंगा काय माझ्या हातात आहे?

आता फुटबॉल. मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात बाबूजी खाली मान घालून म्हणाले, "आपल्या पोट्ट्याइनं काल लय मार खाल्ला, मॅडम." मी घाबरले. कुठे, कुणाचा, पोलिसांत कळवलं का, असं सगळं विचारून झालं. शेजारी शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होता. 'आपले पोट्टे' म्हणजे भारताचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ. असा एक संघ असतो हे मला त्या दिवशी कळलं. देशातल्या बहुतेकांना अजून कळायचं असेल.

मोठ्यांच्या संघाबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. मोठं झाल्यावर सगळेच हरतात, त्यात काय पाहायचं, असं त्यांचं मत. क्रिकेट तर ते खेळ मानतच नसत, कारण त्यात म्हातारे खेळतात. सतरा वर्षांखालचा संघ मात्र त्यांचा जीव की प्राण होता. त्यांच्या हिशोबी जगात हीच एक टीम अशी, जिच्या नावातच जन्मतारखेची अट आहे. सगळ्यांना वाटायचं की बाबूजी लहानपणी मोठे खेळाडू असतील, वयाच्या कागदावरून कुणीतरी यांचं नुकसान केलं असेल. मीही तसंच धरून चालले होते. एकदा विचारलं तर म्हणाले, "नाही जी. मी चेंडूले कधी पाय नाही लावला. चप्पल खराब होते."

सामना तर ते कधी पाहतच नसत. पाहून काय निकाल बदलतो का? दुसऱ्या दिवशी पेपरात एका कोपऱ्यात चार ओळी आल्या तर त्या कापून खाकी पाकिटात ठेवायच्या, न आल्या तर सायबर कॅफेतून छापून आणायच्या, एवढाच त्यांचा खेळ. पण इतिहास सगळा तोंडपाठ. पंचाहत्तरच्या आसपास आपले पोट्टे आशियात इराणबरोबर जोडीने पहिले आले होते. तो वीस वर्षांखालच्यांचा संघ, पण बाबूजी तीन वर्षांची सूट देत. त्यानंतरची सगळी कहाणी ते एखाद्याच्या आजारपणासारखी सांगत. कोरियासमोर एकाच गोलाने हरलो, जिंकलो असतो तर विश्वचषकात आपल्या पायांनी गेलो असतो. मग सांगत आपल्याच देशात भरलेल्या विश्वचषकाबद्दल. त्यात आपण यजमान म्हणून बसलो, तिन्ही सामने हरलो, पण कोलंबियावर एक गोल मारला. कॉर्नर आला, आपल्या पोराने डोक्याने चेंडू आत घातला, बरोबरी झाली आणि ती बरोबरी मिनिटभर टिकली. हे 'मिनिटभर' सांगताना बाबूजी घड्याळाकडे बघत. तेवढ्या मिनिटात आपण जगाच्या बरोबरीने होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे मुलींचाही विश्वचषक आपल्याकडे झाला. त्यात ते मिनिटसुद्धा आलं नाही.

आणि या सगळ्या पराभवांचं त्यांच्याकडे एकच कारण होतं. समोरचे पोट्टे सतरा वर्षांखालचे नव्हतेच. हे ते नुसतं बोलत नसत, सिद्ध करत. खाकी पाकिटातून फोटो काढायचे, टेबलावर पसरायचे आणि भिंग लावून समोरच्या संघाचे गुडघे तपासायचे. चेहऱ्याला दाढी करता येते, पण गुडघ्याचं काय करणार? आपल्या पोरांचे गुडघे म्हणजे गाठ मारलेली दोरी, आणि त्यांचे बघा, कसे भरलेले, मांड्या बघा, खांदे बघा, हे काय दहावीतलं पोरगं आहे? मग ते मोठ्या वयाचे वाटणारे खेळाडू संघातून वजा करत आणि उरलेल्यांविरुद्ध सामना मनातल्या मनात पुन्हा खेळवत. या पद्धतीने आपण आशिया खंड बऱ्याच वेळा जिंकलेला आहे. विश्वचषक त्यांनी विनयाने सोडून दिला होता.

मी हसायचे. सगळेच हसत. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, त्याही हसत. त्यांनीच मला सांगितलं की लग्न ठरताना बाबूजींनी चौकशी केली, तेव्हा काकू त्यांच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठ्या निघाल्या. सोयरीक मोडणार म्हणून घरच्यांचे चेहरे पडले. आणि हे खुश, की खरं सांगणारं घर भेटलं.

शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी पडली आणि भरायला परवानगी मिळेना, तेव्हा शिट्टी माझ्या गळ्यात आली. गणितवाल्यांना मोजता येतं, म्हणून. मला फुटबॉलमधलं एवढंच माहीत होतं की हात लावायचा नसतो. मुलींचा संघ करायला सांगितला, मी अकरा पोरी उभ्या केल्या. त्यातल्या दहा जणी चेंडू आला की ओरडायच्या. अकरावी करिश्मा.

करिश्मा नववीतली. बाप कोळशाच्या ट्रकवर, तो कधी घरी असायचा कधी नाही. आई कापूस वेचायला, निंदायला, जे मिळेल त्याला जायची. पोरगी खाण-कॉलनीच्या मैदानावर पोरांमध्ये खेळून तयार झालेली, अंगाने अगदी काडी. गणिताच्या तासाला ती शेवटच्या बाकावर झोपायची, पण मैदानावर डाव्या पायाने असं काही करायची की समोरच्या पोरी जागच्या जागी फिरायच्या. मी नुसती शिट्टी वाजवत गेले आणि ती जिल्हा, विभाग, राज्य असं खेळत गेली. दहावीच्या वर्षी पत्र आलं. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराला बोलावणं.

मी ते पत्र घेऊन ऑफिसात गेले. बाबूजींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. मग उठून उभे राहिले आणि पत्राला नमस्कार केला. मला गंमत वाटायला हवी होती, पण माझेही हात जोडले गेले.

शिबिराला जन्माचा दाखला हवा होता. करिश्मा वावरातल्या झोपडीत जन्मलेली, नगरपालिकेत ना ग्रामपंचायतीत, कुठेच नोंद नाही. नोंद होती ती एकाच ठिकाणी, बाबूजींच्या रजिस्टरात, तीन जानेवारी. आणि नियम असा की रजिस्टरात लिहिलेल्या त्याच वर्षीच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगीच चालेल. दोन दिवसांनी पोरगी वयात बसत होती. उशिराने नोंद करायची तर तहसीलमध्ये अर्ज, शपथपत्र, साक्षीदार, असा सगळा सोहळा. पंधरा दिवस मी स्कूटीवर आणि मागे बाबूजी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर धरून, असे आम्ही वणीच्या रस्त्यांवरून फिरलो. लोक वळून बघत. तहसीलदारांनी विचारलं की ही तारीख कशावरून, तर बाबूजींनी ताठ उभं राहून शपथेवर सांगितलं, मी स्वतः मायला विचारून लिहिली आहे. संक्रांतीला बारसं झालं. बारसं बाराव्या दिवशी असतं. चौदा जानेवारी बारावा दिवस, म्हणजे जन्म तीन तारखेचा. तहसीलदारांनी मान डोलावली, दाखला मिळाला.

शिबिराला निघायच्या आदल्या दिवशी शाळेत सत्कार ठेवला. चौकात करिश्माचा बोर्ड लागला होता, त्यावर तिच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. भाषणं झाली, शाल-नारळ झालं. मग कुणीतरी करिश्माच्या आईच्या हातात माईक दिला. तिने तो आधी तोंडापासून लांब धरला, मग जवळ. म्हणाली, माझी पोरगी अशी नाव काढेल असं वाटलं नव्हतं, हिच्या जन्माच्या वक्ती तर लोकांनी हिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं.

"हे जन्मली अन् दुसऱ्या दिवशी हिचा आजा गेला," ती सांगू लागली. "घरात सुतक. पोरीचं बारसं कोण करते? तेरवी झाली, मंगच संक्रांतीच्या दिवशी नाव ठेवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, पण हात मध्येच थांबले, कारण गणितवालीची बोटं आपोआप मोजायला लागतात. तेरवीच्या दिवशीच कुणी बारसं करत नाही, तेव्हा तेरवी फार तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी धरू, तेरा जानेवारी. तेराव्या दिवसापासून मागे आलं की आजा वारला एक जानेवारीला. पोरगी त्याच्या आदल्या दिवशीची. एकतीस डिसेंबर. कितीही ओढूनताणून, कितीही मेहरबानी करून एकतीस डिसेंबर. एक दिवसाने बाद. मी मागे वळून बाबूजींकडे पाहिलं. ते हाराच्या ताटाजवळ उभे होते आणि त्यांची बोटंही थांबलेली होती.

कार्यक्रम आटोपल्यावर मी ऑफिसात गेले. बाबूजींसमोर रजिस्टर उघडं होतं, तेच पान. मी दार लोटून घेतलं.

आयुष्यात हजारो बायकांना त्यांनी पोळा, पूर आणि कापूस विचारला होता, पण करिश्माच्या दाखल्याच्या दिवशी निंबाखाली गर्दी होती, बारसं संक्रांतीला झालं म्हटल्यावर बारा दिवस मागे मोजून मोकळे झाले. बारसं बाराव्या दिवशीच झालं का, एवढं विचारायचं राहिलं. हे त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि मग म्हणाले की आता शिबिराला पत्र पाठवतो.

मी चिडले. अगदी खरं सांगायचं तर खवळले. म्हटलं, एका दिवसासाठी? लोक दोन-दोन वर्षं चोरतात, तुम्हीच ते सगळ्यांना सांगत फिरता, आणि तुम्ही एका दिवसासाठी या पोरीचं वाटोळं करणार?

"दुसऱ्याइचं वय मी नाही लिहिलं, मॅडम," ते म्हणाले. "हिचं मी लिहिलं. शपथ घेऊन लिहिलं. नाव जाईन तर माझं जाईन."

"नाव तुमचं जाईल. घरी ती येईल."

त्यांनी रजिस्टर मिटलं. शेवटी त्यांनीच मधला मार्ग काढला. शिबिरात गेल्या गेल्या सगळ्या पोरींच्या मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडाच्या वाढीवरून वय सांगतात. कागदाने चूक केली तर हाड करणार नाही. हाडाने मोठी म्हटलं तर त्याच दिवशी पत्र जाईल की चूक कारकुनाची, पोरीचा काही दोष नाही, तिला खोटारडी ठरवू नका. मी विचारलं, आणि लहान म्हटलं तर? तर मग बघू, म्हणाले, पण हाड लहान कसं म्हणेल?

करिश्मा गेली. ते दिवस बाबूजींनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. पत्र लिहून तयार होतं, कार्बन लावून दोन प्रती. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. रजिस्टर पुसायचं राहून जायला लागलं, त्याच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. मनातून मी त्या एक्स-रेला नवस बोलत होते. आयुष्यभर पोरांना उत्तर बरोबरच हवं म्हणून छड्या मारलेली बाई, देवाकडे चुकीचं उत्तर मागत होते.

बाराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत फोन आला. करिश्माच होती, धापा टाकत बोलत होती. मनगट पास झालं. नुसतं पास नाही, डॉक्टर म्हणाले की हाडं चौदा वर्षांच्या पोरीची आहेत, तू खात नव्हतीस का काही? आता तिला रोज गोळ्या चालू केल्या आहेत आणि दूध. मग हसून म्हणाली, "मॅडम, इथं अंडी दोनदा घेतली तरी कोणी काही म्हणत नाही."

मी धावत ऑफिसात गेले. शिपायाला पेढे आणायला पिटाळलं, दार लोटलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. पास झाली, चौदाची म्हणाले, आता फाडा ते पत्र. मला वाटलं होतं, बाबूजी देवाला हात जोडतील.

"चौदाची?" ते म्हणाले. "दोन वर्स कमी? कायनं?"

मी सांगितलं, पोटाला कमी मिळालं की हाड हळू वाढतं, डॉक्टर असं म्हणाले. सांगताना मी हसतच होते. मग हसू थांबलं.

बाबूजींनी ड्रॉवर उघडलं, खाकी पाकीट काढलं आणि सगळे फोटो टेबलावर ओतले. किती वर्षांचे कोण जाणे, पिवळे पडलेले, घड्यांवर फाटलेले. समोरच्या संघांचे भरलेले गुडघे, भरलेले खांदे. भिंग काही त्यांनी घेतलं नाही. नुसत्या डोळ्यांनी एकेक फोटो पाहिला. मग चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"या पोट्ट्याइले मी चोर म्हणत आलो, मॅडम," ते म्हणाले. "त्याइनं काही लपवलं नसन. घरी जेवले असन."

पेढे आले ते तसेच राहिले. आपली पोरं दोरीसारख्या गुडघ्यांची होती हे बाबूजींनी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगितलं होतं, त्यांच्या खरेपणाचा पुरावा म्हणून. आम्ही हसत होतो, आणि आमच्यासमोर रोज प्रार्थनेला अडीचशे तसेच गुडघे उभे राहत होते. मी तर त्यांची पटावर हजेरी घेत होते. शेवटच्या बाकावर झोपते म्हणून करिश्माला मी कितीदा उभं केलं होतं, आणि सकाळी काय खाऊन आलीस हे एकदाही विचारलं नव्हतं.

ते पत्र गेलं नाही. फाडलंही नाही बहुतेक, पण आम्ही पुन्हा त्याचा विषय काढला नाही. चूक त्यांची आणि गप्प बसणं माझं, अशी आमची वाटणी झाली. करिश्मा आता सतराच्याच काय, एकोणिसाच्याही वर गेली आहे, कुणाची जागा अडवून बसलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे. अंतिम यादीत तिचं नाव आलं होतं. परदेशातल्या त्या स्पर्धेत ती जवळजवळ सगळा वेळ बाकावरच बसली आणि शेवटच्या सामन्यात, आपण हरणार हे नक्की झाल्यावर, अकरा मिनिटं खेळली. पेपरात त्याच्या चार ओळीही आल्या नाहीत. चौकातला बोर्ड तोवर वाऱ्याने फाटला होता.

स्पर्धा संपवून ती गावात परतली आणि दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन शाळेत आली. शिबिराला गेल्याला अडीच-तीन महिने झाले असतील. मी तिला फाटकात पाहिलं तर ओळखूच आली नाही. गाल भरलेले, खांदे रुंद झालेले, आणि शाळेचा जुना कुर्ता घालून आलेली, त्याच्या बाह्या कोपराच्या वर चढलेल्या, सलवार घोट्याच्या चार बोटं वर. उंच झाली होती. आईला कौतुकापेक्षा काळजीच जास्त होती. तिथे गोळ्या देत होते म्हणते, कसल्या गोळ्या कोण जाणे. दहावीतली पोरगी, वाढायचं वय सरलेलं, आणि अडीच महिन्यांत कपडे आखूड कसे होतात? वयाची गोष्ट आहे म्हटल्यावर ती मला न विचारता सरळ ऑफिसात गेली. मी मागोमाग.

बाबूजी खुर्चीवरून उठले. त्यांनी करिश्माला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आखूड झालेल्या बाह्या पाहिल्या.

"बाबूजी, तुमाले वयाचं सारं कळते," आई म्हणाली. "सांगा ना, या वयात पोरगी वाढते काय?"

"वाढते ना बाई," बाबूजी म्हणाले. "भेटलं तर वाढते."